रेतीचं गाणं

आदिलाबाद,
१२ जानेवारी २०२५

ती. भाग्यश्रीताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या वसतिशाळेत फोन लागत नाही, म्हणून पत्र. आमच्या बँडला शेवटी स्वतःचा आवाज सापडला! वर्षभर लग्नांत हिंदी हिट गाणी वाजवली, लोक ताटाकडंच पाहत. मग प्रीती म्हणाली, आपल्याच बोलीत गाऊ. तिनं कीबोर्डवर साधी चाल धरली, मी गिटार हळू केली, गोपालनं ड्रमवर बैलगाडीसारखा डुलता ठेका दिला. पैनगंगेची रेती चोरून नेणाऱ्या टिप्पर ट्रकांवर मी गाणं लिहिलं. काल जैनथला पोरीबाया माझ्या आधी पुढची ओळ गात होत्या.

नंतर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस भेटला. रेतीचा धंदा त्याचाच, हे मागाहून कळलं. माझा हात दाबून म्हणे, लय गोड गाता तुमी, लिहून कोण देते? मी छाती फुगवून सांगितलं, मीच.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.

तुझा,
अमरदीप


बोथ,
२ फेब्रुवारी

चि. अमरदीप,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

माझ्या शाळेतल्या मुली ताटं घासताना तुझं गाणं गातात. लहानपणी तुझा गळा फाटक्या पिपाणीसारखा होता, हे त्यांना सांगितलेलं नाही.

पण परवा कुणीतरी शाळेत माझ्या नावानं पेढ्यांचा डबा ठेवून गेला. वॉचमनला म्हणे, बाईंचा भाऊ लय नाव काढून राह्यला, जपा म्हणावं त्याले. मुलींना पेढे दिले नाहीत, पुरून टाकले. अमर, तेवढं एक गाणं सोड. बाकीची काय कमी आहेत?

जेवणाची हेळसांड करू नको. माझा जीव तिकडंच आहे.

तुझी,
ताई


आदिलाबाद,
१ मार्च

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आम्ही तिघांनी वाचलं. गोपाल म्हणे, सोडू, घरी माय एकटी आहे. प्रीती म्हणे, हेच सोडलं तर आपलं असं काय उरते? शेवटी बेला गावच्या कार्यक्रमात ते गायचं नाही असं ठरलं. पण लोक तेच मागत राहिले, आणि ठेका धरला तो गोपालनंच. तो माणूस पहिल्या रांगेत हसत बसला होता.

परतताना गोपालच्या मोटरसायकलला बिननंबरच्या टिप्परनं उडवलं. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. पंचनाम्यात अपघात लिहिला. त्याच्या मायनं एवढंच विचारलं, काऊन गायलं रे बाबू? मी गायचं सोडलं, ताई.

रागावू नको, एवढीच मागणी.

अमरदीप


बोथ,
२० एप्रिल

चि. अमर,
सप्रेम जयभीम.

काल इथल्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत होते, तुला दिसले नाही. गोपालच तुला घरातून ओढून घेऊन आला, हे प्रीतीनं सांगितलं. खरं तर मी तुला न्यायलाच आले होते. नागपूरला माणिकमामांकडं तुझ्या नोकरीचं बोलून ठेवलं होतं.

मग तू रेतीचं गाणं धरलं आणि गोपाल डाव्या हातानं वाजवू लागला. एक ठोका पडे, दुसरा रिकामा जाई. तुम्ही तो भरला नाही. दुसऱ्या कडव्यापासून लोक तिथं टाळी देऊ लागले. अख्खं मैदान.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला तो माणूस शेजारी येऊन बसला. टाळी न वाजवता हळूच म्हणे, भाऊ ना तुमचा? पुढचा कार्यक्रम कुठं? तरी मी टाळी चुकू दिली नाही. मग सांगितलं, जैनथला, नदीकाठी. मीही येणार आहे.

जपून राहा. मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी,
ताई