सातवी ‘ब’चे आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मीटिंग! शाळेचं जुनं क्लाउड खातं महिनाअखेर बंद. नवं घेतलंय म्हणे. ‘ज्याला जे हवं ते तीस तारखेच्या आत उतरवून घ्या, नंतर रडायचं नाही’ – इति सलिल सर. कॉम्प्युटर शिकवतात. वय एकोणतीस.

मी म्हटलं, माझं लॉकडाउनचं सगळं तिथेच आहे. मुलांचे गृहपाठ, पाठ करून म्हटलेल्या कविता.

‘मॅडम, चार वर्षांत उघडलं नाहीत ना? मग नकोच आहे ते.’

बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच राग आला.

मे महिन्यात मी निवृत्त होते. मग मलाही कोण उघडून बघणार आहे!

बुधवार, ५ नोव्हेंबर

सुट्टी. बसले उघडून. ‘सातवी ब, २०२०-२१’. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस फोल्डर. प्रत्येक नाव मी एका बोटाने टाइप केलेलं. फोल्डर कसा करायचा ते ह्यांनी शिकवलं होतं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला नवरा. चार वेळा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मुलांना तू शिकवतेस की मुलं तुला?’

खरं सांगायचं तर मुलंच मला. ‘मॅडम, तुम्ही म्यूट आहात!’ – वर्षभरात हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

बिबवेवाडीतल्या आमच्या ह्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी. पोळपाट उभा करायचा, मागे तांदळाचा डबा, पोळपाटाला नाडीने मोबाईल बांधायचा – झाला वर्ग! ह्यांना ताकीद, फोडणी अकरानंतर.

आज एकेक लावून ऐकलं. चैताली कविता म्हणतेय, मागे कुकर. तिसऱ्या शिट्टीला ती थांबते. ‘आई, बंद कर ना तो!’ आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. आमोद सगळी कविता कुजबुजत म्हणतो, कारण त्याच खोलीत बाबांची ऑफिसची मीटिंग. सुरुचीने निबंधच गाऊन पाठवलाय! एकाने सात मिनिटं नुसता पंखा रेकॉर्ड केलाय. मी सातही मिनिटं ऐकला.

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. हे पण येऊन बसले शेजारी. किती लहान होती सगळी. आणि आम्ही किती घाबरलेलो होतो. तरी त्या चार इंचांच्या काचेतून एक्केचाळीस घरं रोज माझ्या ओट्यावर यायची.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सात फोल्डर. दोन पोळ्या करपल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अक्षताचा फोल्डर.

तिचा गृहपाठ नेहमी संध्याकाळी साडेसातला यायचा. घरात मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर जायचा. भीमराव – नारायण पेठेत लग्नपत्रिका छापतात तिथल्या प्रेसमध्ये कामाला. मी त्यांना एकदाच पाहिलं. पुस्तकं न्यायला शाळेत आले होते. तोंडावर मास्क, बोटांना निळी शाई. ‘मॅडम, संध्याकाळी पाठवलं तर चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल की.

तेवीस रेकॉर्डिंग. अक्षता घाईघाईने म्हणतेय आणि मागून पुरुषाचा आवाज – ‘सावकाश. तुझी गाडी सुटत नाहीये.’ दुसऱ्यात – ‘बाल नव्हे, बाळ. ळ म्हण. जीभ मागे ने.’ एकात नुसतंच ‘हं... हं... हं’ – प्रत्येक ओळीला ताल धरल्यासारखं. चौदाव्या रेकॉर्डिंगमध्ये ती मधेच अडली, तर वडिलांनीच पुढची दोन कडवी म्हणून टाकली! आणि ती खिदळतेय, ‘पप्पा, गृहपाठ माझा आहे!’

तसंच पाठवून दिलंय. पुन्हा रेकॉर्ड केलं नाही.

हे मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. एक्केचाळीस मुलं – प्रत्येकाचे पहिले दहा सेकंद ऐकायचे आणि ‘छान’ लिहायचं. अक्षतालाही ‘छान’. तेवीस वेळा.

शेवटचं रेकॉर्डिंग ९ एप्रिल २०२१.

रविवार, ९ नोव्हेंबर

जे आजवर कुठेच लिहिलं नाही ते लिहिते.

त्या वर्षी वीस एप्रिलला मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गृहपाठ न पाठवणाऱ्यांची यादी टाकली. चार नावं. तिसरं अक्षताचं. वर ठसक्यात एक ओळ – ‘कारणे सांगू नयेत.’ गुण भरायचे होते, मुख्याध्यापिका मागे लागल्या होत्या, मी वैतागले होते. फोन करून विचारलं नाही. सगळ्या पालकांच्या देखत यादी!

जूनमध्ये आठवीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं. ‘दाखला नेला हो. आजोळी गेली. वडील गेले ना तिचे, कोविडमध्ये. बावीस एप्रिलला.’

माझ्याकडे नंबर तेवढा एकच – त्यांचा. त्यावर कुणाला फोन करणार? असं मी स्वतःला सांगत आले. पण ऑफिसात दुसरा नंबर मागता आला असता. मागितला नाही. भीती वाटली. एवढंच खरं कारण.

यादी अजून तिथेच आहे. वर जाऊन बघायची हिंमत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मुलीला वडिलांचा आवाज द्यायचा असेल तर दे. नाहीतर पुसून टाक. पण कणकेत रडू नकोस, मीठ जास्त होतं.’

बुधवार, १२ नोव्हेंबर

चार वर्षं मुका असलेल्या ग्रुपवर लिहिलं – ‘अक्षता सध्या कुठे असते? कुणाला माहीत आहे का?’

मिनिटभरात चैताली! ‘मॅडम!!! ओ माय गॉड, हा ग्रुप जिवंत आहे??? अक्षता माझ्या इन्स्टावर आहे. लोणी काळभोरला असते, बारावी सायन्स. नंबर देऊ?’

मग एकेक जण उगवायला लागला. आमोदने आवाजच पाठवला – घोगरा, बापईगडी झालाय! ‘मॅडम, आता मोठ्याने बोलतो मी.’ दिवसभर फोन किणकिणत होता. सलिल सरांना दाखवलं. वाचलं, आणि माझा सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून दिला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अक्षताशी बोलले. ‘तुझं जुनं थोडं काम आहे माझ्याकडे.’ एवढंच सांगता आलं. ‘रविवारी या ना मॅडम. आई पण असेल.’

रविवार, १६ नोव्हेंबर

लोणी काळभोरला जाऊन आले. स्टॉपवर अक्षता न्यायला आली होती. केवढी उंच झालीय! वाकून पाया पडली, मलाच कसंतरी झालं.

तिची आई निशाताई तिथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करतात. भिंतीवर भीमरावांचा फोटो. त्यांचा बिनमास्कचा चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला.

आधी यादीचं सांगितलं. माफी मागितली. वाक्य नीट जुळलं नाही. एवढी वर्षं व्याकरण शिकवून काय उपयोग!

अक्षता म्हणाली, ‘मॅडम, मला माहीतच नाही. मोबाईल पप्पांबरोबर होता ना. हॉस्पिटलमध्ये.’

म्हणजे यादी त्यांनी पाहिली. आजारी माणसाने, पलंगावर पडून. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावलं.

‘सावकाश. तुझी गाडी सुटत नाहीये.’

निशाताई ताडकन उठून आत गेल्या. मी बंद करायला गेले तर आतूनच म्हणाल्या, ‘राहू द्या. चालू राहू द्या.’ मग बाहेर येऊन अक्षताला टेकून बसल्या. चौदाव्याला तिघीही हसलो – निशाताई सगळ्यात जास्त. ‘असाच होता. पाहुण्याचं बोलणंसुद्धा पुरं करायचा!’

निघताना अक्षता स्टॉपपर्यंत आली. बस लांबून दिसली. मग म्हणाली, ‘फोटो पुष्कळ आहेत मॅडम. आवाज नव्हता. मी विसरत चालले होते. आईला सांगितलं नव्हतं मी हे.’

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वर्गात लक्ष नाही. यादी वाचून त्यांना काय वाटलं असेल? तो आवाज आता ओळखीचा झालाय, म्हणून जास्तच टोचतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

निशाताईंनी भीमरावांचा मोबाईल चार वर्षांनी चार्ज केला. अक्षताने फोटो पाठवला आहे. वीस एप्रिलला मला लिहिलेला मेसेज – खाली अजून ते बारकं घड्याळ. वॉर्डात रेंज गेली असणार. तो निघालाच नाही.

‘मॅडम नमस्कार. अक्षताची चूक नाही, मोबाईल माझ्यापाशी आहे. दवाखान्यात आहे. घरी गेलो की सगळे पाठवतो. दुसरे असे की आपल्या यादीत विद्यार्थी या शब्दातला थी ऱ्हस्व पडला आहे. आमच्या प्रेसमध्ये चालत नाही, मराठीच्या मॅडमना कसे चालेल? राग नसावा.’

ग्रुपमध्ये मागे मागे गेले. यादी उघडली.

ऱ्हस्वच आहे.