गरम पाणी सातच्या आत

सोम. ५ जून
लोणी काळभोर. उकाडा असह्य. आवाज येतो म्हणून पंखे बंद, त्यात नऊवारी आणि खोटा अंबाडा. 'खोली शिल्लक आहे' या आमच्या मालिकेचे दोन-तीन सीन उरकायचे होते. पहिल्यालाच अडलं.

सीन नेहमीचाच. तालुक्याच्या गावातलं लॉज. पाहुणा येतो, काउंटरवरची घंटी वाजवतो. लॉजमालक दादासाहेब, म्हणजे आमचे वसंतराव, किल्ली देतात आणि म्हणतात, "गरम पाणी सातच्या आत!" दर भागात हे वाक्य असतंच. रिक्षावाले मला बघूनसुद्धा हेच ओरडतात. आज वसंतरावांनी किल्ली दिली आणि थांबले. थांबलेच. माझ्याकडे बघितलं. ती नजर दादासाहेबांची नव्हती.

मी शकू, दादासाहेबांची कजाग बायको. लाटणं काउंटरवर आपटलं. "अहो, गरम पाण्याचं कोण सांगणार? माझा बाप?" लगेच वाक्य आलं. युनिट खो-खो हसलं. आमचा दिग्दर्शक नितीन खूश. "ताई, ठेवतोय हे. भन्नाट!"

इतकी वर्षं नाटकात एकत्र काम केलं. विंगेतल्या प्रॉम्प्टरची चूक स्टेजवरून दुरुस्त करणारा माणूस हा. पदरची वाक्यं घालून हशा वसूल करणारा. झोप झाली नसेल. उकाडा. असेल काहीतरी.

गुरु. ८ जून
उकाडा नव्हे.

सुमोत मागच्या सीटवर मी आणि वसंतराव, दोघंच. हडपसर येईपर्यंत व.नी विचारलं, "आज कुठला भाग?" सांगितलं. फुरसुंगीपाशी पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं, जरा जास्तच गोड आवाजात. तर म्हणाले, "शैला, फुकट अभिनय करू नकोस. त्याचा तुला पगार मिळतो."

मग खिडकीबाहेर बघत सगळं बोलले. विसर पडतो म्हणून डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. "नितीनला कळलं तर दुसऱ्या दिवशी दादासाहेब काशीला जातील आणि माझ्या जागी त्यांचा धाकटा भाऊ येईल. मालिकेत असंच करतात." माझ्याकडे वळले. "प्रॉम्प्टरशिवाय नाटक होत नाही. आता विंग नाही, तूच आहेस."

मी हो म्हणाले. विचार न करता.

बुध. १४ जून
जमतंय!! मला वाटलं त्याहून सोपं.

या मालिकेतल्या ठराविक विनोदांचा मला किती तिटकारा होता. एकाच खोलीची किल्ली दोन पाहुण्यांना. बायको लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर. नवऱ्याने एक वाक्य बोलायचं, तिने ते मध्येच तोडायचं. शेवटी सगळ्यांनी कपाळावर हात मारायचा. नितीनला एकदा म्हटलंही होतं, यापेक्षा तमाशातली मावशी परवडली. पण आता बघते तर या सगळ्यात माणूस लपवायला भरपूर जागा आहे. बायको बोलतेच मध्ये, तर बोलावं. लाटणं आपटलं की व.ना कळतं, आपलं वाक्य आलं. पहिले दोन शब्द मी त्यांच्या अंगावर खेकसते, पुढचं ते पुरं करतात. कुणाला काही वेगळं वाटत नाही. खेकसण्याला आमच्याकडे संसार म्हणतात.

घरी येताना व. म्हणाले, "तू प्रत्यक्षातही अशीच आहेस का ग?" दोघं हसलो. बरं वाटलं.

बुध. २१ जून
मालिका बघितली. मुद्दाम नाही, हे लावून बसले होते. व्ही.आर.एस. घेतल्यापासून ह्यांचा टीव्ही सकाळपासून चालू असतो.

किल्लीचा तोच सीन. व. थांबले आणि त्या थांबण्यावर टेपमधला हशा सुरू झाला. त्या टेपमधली एक बाई शेवटी खोकते, ते मला आता पाठ आहे. ती खोकली. ह्यांनीही मांडीवर थाप मारली. मनू ऑफिसातून आलेली, ती म्हणाली, "आई, दादासाहेब काय कूल आहेत ग! आमच्याकडे कुणाचा कॉम्प्युटर हँग झाला की सगळे म्हणतात, दादासाहेब झाला!"

मी उगाच ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "तुझं लाटणं सेटवर ठेवून येत जा." बरोबर आहे तिचं.

वहिनींचा फोन. "ते खूप हसले हो बघताना. मी आत जाऊन कणीक मळली."

सोम. २६ जून
नवे भाग हातात पडले. चॅनलला थांबणं आवडलंय. आता दादासाहेब विसराळू!! पाहुण्याची आंघोळ विसरतात, घंटी कशाला वाजली ते विसरतात. एका सीनमध्ये सगळ्यांसमोर बायकोचं नाव विसरतात.

व. म्हणाले, "छान आहे. पाठांतराचा त्रास वाचला."

वाचला कसला. विसरण्याचा अभिनय करायला, कुठे विसरायचं ते लक्षात ठेवावं लागतं. आज ते थांबले, मला वाटलं लिहिलेलं आहे, म्हणून मी गप्प. ते लिहिलेलं नव्हतं. कपाळावर घाम आला त्यांच्या. पुढच्या सीनला मी लाटणं आपटलं, तर ते लिहिलेलंच होतं. कट झाल्यावर माझ्यावर भडकले, "मला काम करू देशील का?" सगळ्यांसमोर. मी कोपऱ्यात जाऊन रडले. आता मला कळणार कसं? हे एकच कळायला हवं होतं मला.

शूटिंगच्या बंगल्यावर चहा देणारी बाई पदर तोंडाशी धरून हसत होती. "तुमचं म्हातारं लई इसरतंय बाई! आमच्यात बी हाय असंच एक. त्याला घेता का टीवीत?"

सोम. ३ जुलै
नितीनने आज पेढे वाटले. येत्या रविवारी विशेष भाग, पुण्यातच, नाट्यगृहात, प्रेक्षकांसमोर. सलग. मध्ये कट नाही. टेपचा हशा नाही, खरी माणसं. कॉम्प्युटर क्लासवाले पैसे घालतायत. आणि सीन कुठला? नाव विसरण्याचा.

व. पोरासारखे खुलले. "स्टेज! तिथे मला आठवावं लागत नाही शैला, पाय आपले आपण चालतात."
मी म्हटलं, मी नितीनला सांगणार.
"सांग. मग मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."
"आणि तिथे अडलात तर?"
"तर लोक हसतील. नाहीतर मग कशाला येणार आहेत?"

शुक्र. ७ जुलै
सांगितलं. शब्द मोडला. तालीम संपल्यावर नितीनला बाजूला घेतलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी दिवसभर मॉनिटरसमोर बसतो. तुम्हाला काय वाटलं, मला दिसलं नसेल?"
"मग?"
"म्हणूनच विसराळू लिहून घेतलं. आता ते चुकले तरी चुकत नाहीत."

हा पोरगा त्यांना सांभाळतोय की विकतोय? विचारलं तसं. तो म्हणाला, "दोन्ही नाही का होत?" आणि लाइटवाल्याशी बोलायला गेला. त्याचा राग यावा म्हणून खूप प्रयत्न केला. पूर्ण आला नाही.

नितीनला सांगितलं, हे व.ना सांगितलेलं नाही. परवा प्रयोग.

रवि. ९ जुलै
दुपारचा प्रयोग. हाउसफुल्ल. पहिल्या रांगेत वहिनी.

व. तिसऱ्या घंटेला स्टेजला हात लावून पाया पडले आणि आत आले ते जुनेच वसंतराव. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी लाटणं हातात धरून नुसती उभी. भीती गेली, चक्क मजा यायला लागली.

मग तो सीन. पाहुणा विचारतो, "ह्या कोण?" दादासाहेबांनी म्हणायचं, "ही आमची... ही..." लोक हसतात. मी लाटणं आपटायचं. ते दचकून "शकू!" म्हणणार. पडदा.

"ही आमची... ही..." हशा झाला. मी लाटणं आपटलं. ते दचकले नाहीत. काउंटरमागून सावकाश बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा अगदी शांत. हात जोडले.

"आपण कधी आलात? खोली हवीय का?"

नाट्यगृह कोसळलं. असा हशा मी कधी ऐकला नव्हता. स्क्रिप्टमध्ये हे नाही. मी त्यांच्या डोळ्यांत शोधत होते आणि लोक हसतच होते. वहिनींकडे बघायचं धाडस झालं नाही.

मी म्हटलं, "असेल तर द्या."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली, वर आपला हात ठेवला. "एकट्याच आहात? घाबरू नका. गरम पाणी सातच्या आत."

पडदा. टाळ्या थांबेनात. नितीन विंगेत डोळे पुसत होता.

मेकअपरूममध्ये ते आरशासमोर मिशी उतरवत होते. दार लावून घेतलं. विचारलं, "ते शेवटचं पदरचं होतं ना?"

आरशातूनच बघितलं माझ्याकडे. हसले. "तुला काय वाटलं?"

अगदी पूर्वीसारखं, तिरकं. शंभर वेळा असं बोललेत. पण 'शैला' म्हणाले नाहीत. मीही पुढे विचारलं नाही.

उद्या आठला गाडी. किल्ली चुकून माझ्याच पर्समध्ये राहिलीय.