आजोबांच्या रायफलीचं माप

स्पोकेन, रविवार

बाबा,

आधी माझा नमस्कार घ्या, रागवायचं ते शेवटी रागवा. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? डोंगरावर बर्फ पडला का?

फोनवर रायफलीचा विषय काढला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहितेय. हंगामाचं पहिलं हरीण आजोबांच्या रायफलीनंच मारायचं, ही आपल्या घरची रीत. यंदा पाळी आपल्या धाकट्या नोरीनची, आणि तिच्यासाठी काडतुसं तुम्ही घरी भरलीत.

तुम्ही आणलेल्या गोळ्यांच्या डब्यावर आठ मिलिमीटर लिहिलंय, रायफलही आठचीच म्हणतात. पण आजोबांच्या रायफलीसारख्या जुन्या जर्मन नळ्या आतून जरा बारीक असायच्या. जाड गोळी त्यात दाटली, तर दारूचा जोर मागे येतो. मागे नोरीनचा गाल असेल.

परवा आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात अशीच फुटलेली रायफल आली. घेऊन मालक नव्हता आला, त्याची बायको आली होती.

"आता तू मला शिकवणार?" म्हणाल. नका ऐकू माझं. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकत बाहेर काढा, ती नळीच्या आतल्या मापाची होऊन निघेल, आणि तिची जाडी नव्या गोळीशी ताडून बघा. नवी जाड निघाली नाही, तर मी हरले.

आणि आईवर ओरडू नका, तिला काही ठाऊक नाही. रायफलीच्या मागचा सरकता बोल्ट शोधत घरही उलथंपालथं करू नका. सुट्टी संपवून निघताना मीच तो बॅगेत टाकला.

नळी मोजायला तो लागत नाही, बाबा. गोळी झाडायलाच लागतो.

तुमच्याच वळणाची हट्टी,
रोवेना