पुस्तक मिटून विचारलेला प्रश्न

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय. आईचा गुडघा काय म्हणतो?

तसं काळजीचं काही नाही, पण परवा लॅबमध्ये दोन पेशंटांच्या रक्ताच्या नळ्यांवर माझ्या हातून उलटसुलट लेबलं लागली. रिपोर्ट गेले. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तुम्ही ती जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचात, आठवतं? त्यातल्या मुली चुकल्या की त्यांची आई त्यांना जवळ बसवायची, आणि तुम्ही नेमकं तिथेच पुस्तक मिटायचात. "बोला, तुम्ही काय केलं असतं?" दादाच्या आधी मीच पटकन म्हणायचे, "खरं सांगितलं असतं." बाबा, मला फक्त पुढची गोष्ट ऐकायची घाई असायची हो.

आज सकाळी मोठ्या मॅडमना सगळं सांगून टाकलं. दोन्ही पेशंटांना तातडीने परत बोलावलंय. नोकरी राहते की जाते, ते आता कळेल. मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर बसून लिहितेय. आईला एवढ्यात सांगू नका.

आज पुस्तक मिटायला तुम्ही नव्हतात, आणि पुढे काय होतं ते ऐकायची मला मुळीच घाई नाही. तरी उत्तर तेच दिलं.

तुमची,
धाकटी