नवऱ्यांना परवानगी आहे

१६ जून २०२०, लोहारा

विल्मानं आज सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतातही पसरलंय.

ती तिकडं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तच्या घरामागच्या अंगणात बसून फोनवर बोलत होती. शेजारी कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. “ऐकू येतंय का न्हाय?” असं दोनदा विचारलं. ऐकू आलं होतं.

डॉक्टर म्हणतात, थंडीपर्यंत. “आमच्या हितली थंडी,” ती म्हणाली, “तुमच्यापेक्षा लवकर येती.” आणि हसली. हसली!

तिथं तुझ्याजवळ कोण आहे, विचारलं. बहीण आहे, दुसऱ्या गावात. शेजारीण आहे. “तू न्हाईस.”

संध्याकाळी पेपरच्या डेस्कला जिल्ह्याचे आकडे पाठवले. बाधित, बरे झालेले, मृत. वेळेत. पाठवल्यावर वाचून बघितलं, एकही चूक नाही. लिहिलेलं मात्र आठवत नाही.

१७ जून

नियम वाचून काढले. बाहेरच्या लोकांना नेदरलँड्समध्ये बंदी. नवरा, बायको, मुलं — यांना परवानगी आहे.

आम्ही कोण? सगळी पानं उलटीसुलटी वाचली. आम्ही कुठंच नाही.

दर मार्चला ती जाते, ऑक्टोबरात येते. इथलं ऊन सोसत नाही म्हणून. यंदाही तशीच गेली. मी स्टँडवर एसटीत बसवून दिलं आणि कंडक्टरशी तिच्या बॅगेवरून वाद घालत बसलो. ती खिडकीतून काहीतरी म्हणाली, ते ऐकलं नाही. दोन-तीन आठवड्यांत विमानं बंद.

१९ जून

झोप नाही. उगाच जुनं आठवतंय.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ती पहिल्यांदा आली. नर्स, तिशीची. मी नवा बातमीदार, गळ्यात पेपरचा कॅमेरा. मातीच्या ढिगाऱ्यावर उभा राहून फोटो काढत होतो तर खालून इंग्रजीत ओरडली — फोटो मागून काढ, आधी हे टोक धर! स्ट्रेचरवर धनाजी होता. पाठीचा मणका गेलेला. तो जगला.

दहाएक वर्षांनी ती परत आली, असल्या लोकांसाठी व्यायामाचं केंद्र काढायला. पुनर्वसनाच्या नव्या गावात. तेव्हापासून प्रत्येक हिवाळा आम्ही या दोन खोल्यांत. मराठी ती गावातल्या बायांकडून शिकली, म्हणून बोलते ती त्यांच्यासारखीच. विल्माची विमलबाई त्यांनीच केली.

मी लग्नाचं दोनदा विचारलं होतं. “एकदा करून बघितलंय. बास झालं.” दोन्ही वेळा हेच. पुढं विचारायचं सोडून दिलं. काही बिघडलं नव्हतं. खरंच नव्हतं.

२६ जून

वकिलातीला तिसरा ईमेल. उत्तर — आम्ही आपल्या भावना समजू शकतो.

३ जुलै

धुरपदावहिनी भाकरी घेऊन आल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेत, त्याखालून वाकून. थोरल्या भावाच्या माघारी माझ्यावर ओरडायचा हक्क त्यांनी स्वतःकडंच ठेवलाय.

“भावजी, अक्षता टाकून घेतल्या असत्या तर आज इमानात बसला असता.”

“तिला नको होतं, वहिनी.”

“तिला नको हुतं, तुमाला सुचत नव्हतं. गाव बोलायचं ते बोललंच. बोलणी समदी खाल्ली अन् अक्षता तेवढ्या राहिल्या!”

ताट झाकून ठेवलं आणि जाता जाता पदरानं डोळे पुसले. मला दिसू नये म्हणून बांबूपलीकडं जाऊन पुसले. दिसलंच.

१२ जुलै

विल्माला पहिलं औषध चढवलं. दोन दिवस फोनवर येऊ शकली नाही.

आज श्रीमंत आला. नव्या गावचा ग्रामसेवक. मास्क हनुवटीला. चहा नको म्हणाला, दार लोटून घेतलं.

“सर, लई सोपं काम हाय. लग्नाच्या नोंदीचं रजिस्टर माझ्याच कपाटात असतंय. मागच्या एका सालात पानं कोरी सुटल्यात. तितं तुमचं अन् विमलबाईचं नाव बसवतो. दाखला घ्या अन् जावा.”

“खोटा?”

“खोटा कसा? आमी तर तुमाला नवरा-बायकूच धरतो. साक्षीदार म्हनाल तर अख्खं गाव हुबं करतो. अन् सर, चहापाण्याची भाषा काढू नका. माझी आई हातरुणाला खिळली हुती, बाईनं चालती केली.”

विचार करतो म्हणालो. यात विचार काय करायचा? सही करून मोकळं व्हावं असं वाटतंय. आयुष्यभर लोकांच्या असल्याच दाखल्यांच्या बातम्या केल्या. आज मला एक द्या, मी चाटून-पुसून घेतो.

१५ जुलै

विल्माला श्रीमंतचं सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. केंद्राच्या हजेरीत एक खोटी सही सापडली होती तेव्हा तिनं हिशेबनिसाला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काय करायचं ते कर. ये.”

तिला इतकं थकलेलं कधी ऐकलं नाही.

१६ जुलै

उद्या श्रीमंतकडं जायचं.

१७ जुलै

नव्या गावात पेशंट निघाले. रस्ता बंद. पोलिसांनी पत्रकाराचं ओळखपत्र बघूनही माघारी पाठवलं. श्रीमंत स्वतः विलगीकरणात, शाळेत. फोनवर खोकत म्हणतो, “कपाटाची किल्ली माझ्याकडंच हाय सर, काळजी करू नका.”

२९ जुलै

नियम बदलला! लग्न न झालेल्या जोडीदारांनाही येऊ देणार. जगभरातली माणसं महिनोन्‌महिने त्यासाठी ओरडत होती म्हणे — आमच्यासारखी, एक इकडं, एक तिकडं. मला पत्ताच नव्हता. मी आपला एकटाच समजत होतो स्वतःला.

अट — नातं खरं आहे हे दाखवा. भेटींचे पुरावे, एकत्र फोटो.

श्रीमंतला फोन करून नको म्हटलं. खोटा कागद सापडला तर कायमचं दार बंद, ही भीती आहेच. पण आत कुठंतरी हलकंही वाटलं. जे आहोत तेच लिहायचं.

विल्माला इतक्यात सांगत नाही. ताप आहे, कावीळ झालीय, बहीण फोन उचलते. बातमी पक्की झाल्याशिवाय द्यायची नाही, हे माझ्या हाडातच बसलंय. आशा लावायची आणि पुन्हा काढून घ्यायची — नको. हातात काही आलं की सांगेन.

८ ऑगस्ट

फोटो नाही!

दोन्ही हार्ड डिस्क पाहिल्या. जुन्या निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिल्या. विल्मा व्यायाम घेताना. विल्मा संक्रांतीला. विल्मा धनाजीच्या तीनचाकीवर उलटी बसून. विल्मा हुरडा खाताना, नाकाला काजळी. शेकड्यांनी विल्मा. मी एकातही नाही. कॅमेऱ्यामागं उभं राहायचं, आपण बातमीत यायचं नाही — पंचवीस वर्षं हेच केलं. त्यातल्या एका फोटोत माझी सावली आहे. सावली जोडू का अर्जाला?

वहिनी म्हणाल्या, “आरशात तरी काढायचा की एखादा!”

११ ऑगस्ट

धनाजीला सगळं सांगितलं होतं फोनवर. आज गाव मोकळं झालं तसा तीनचाकी घेऊन आला. पुढ्यात पोत्यात गुंडाळलेला अल्बम. त्याच्या लेकीच्या, दीपालीच्या लग्नाचा.

“सर, स्टेजवर आहेर द्यायला आलता का न्हाय तुमी? मग फोटोवाला कुनाला सोडतोय का!”

खरंच की. माइकवरून पुकारा झाला होता — पत्रकार साहेब आणि विमलबाई, जोडीनं या! मी मागं सरत होतो, विल्मानं दंड धरून वर नेलं.

फोटो आहे. ती इरकल नेसलेली, कॅमेऱ्याकडं बघून हसणारी. माझे डोळे मिटलेले. पण तिचा हात माझ्या कोपरात अडकवलेला आहे, आणि तो काही त्या फोटोपुरता अडकवलेला वाटत नाही.

दीपालीला सासरी फोन लावला. म्हणाली, “काका, त्यात माझा नवरा बी डोळं मिटूनच हाय. आपला अर्ज पास व्हतोय बघा.”

धनाजी जायला वळला. म्हणाला, “बाईला म्हनावं, व्यायाम चुकवला न्हाय एक दिवस बी.” मग थांबला. “चुकवलाय. पर तसं सांगू नका.”

२ सप्टेंबर

मुंबईला जाऊन अर्ज देऊन आलो. वहिनींच्या कुलदीपच्या गाडीनं, जाताना-येताना खिडक्या उघड्या. अल्बममधला फोटो, तिच्या व्हिसाच्या प्रती, गावातल्या एकवीस जणांची सह्या-अंगठ्यांची पत्रं, भाषांतरासह. नात्याच्या रकान्यात लिहिलं — अविवाहित जोडीदार. माझं अक्षर एवढं नीट कधी येत नाही.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सर, एवढ्या वर्षांत लग्न का नाही केलं? अर्जात हा प्रश्न नाही, म्हणालो. ती लाजली. मलाच वाईट वाटलं.

१९ सप्टेंबर

काही नाही. तुळजापूरला देवळाच्या बंद दारावर बातमी करायची होती. बाहेरूनच हात जोडले. मी जोडले! विल्मा असती तर चिडवून जीव घेतला असता.

२८ सप्टेंबर

आज ती बोलली. दवाखान्यात सगळं पांढरं सूप देतात म्हणे. भाकरी बघायची होती. वहिनींकडं गेलो, फोन परातीसमोर धरला. वहिनी थापत होत्या आणि फोनशी बोलत होत्या.

“विमलबाई, खाताव का न्हाई?”

“खाती की. तुमी ती भाकर फोनमधनं ढकला.”

“या की मग हिकडं. गरम गरम वाढते.”

विल्मा म्हणाली, “वहिनी, आता तेच येतेत हिकडं.” अशा ठाम आवाजात की जणू मी विमानात बसलोय. वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली ती पलटायची विसरल्या.

अर्जाचं तेव्हा सांगायला हवं होतं का? नर्स आली, फोन बंद झाला. परवानगी आली की सांगू. आता किती दिवस राहिलेत?

१३ ऑक्टोबर

तिच्या बहिणीचा निरोप! व्हिसा कार्यालयातून चौकशीचा फोन आला होता, थेट दवाखान्यात. विल्मा स्वतः बोलली. उशी लावून बसली, नीट सगळी उत्तरं दिली. नंतर खूप खूश होती, असं बहिणीनं लिहिलंय. अनेक दिवसांत पहिल्यांदा केस विंचरायला सांगितले.

बॅग भरली. वहिनींनी चटणी बांधून दिली. डेस्कला रजेचं कळवलं. कुठं चाललात, विचारलं. घरी, म्हणालो.

२० ऑक्टोबर

नकार.

कारण दिलंय. अर्जदार स्वतःला अविवाहित जोडीदार म्हणतो. संबंधित महिलेनं दूरध्वनीवर त्याला पती म्हटलं असून लग्नाचा तपशीलही सांगितला आहे. दोन्ही माहिती जुळत नाही. नात्याबद्दल खात्री पटत नाही.

वाचलं. पुन्हा वाचलं. बातमीत असतं तसं सरळ, स्वच्छ वाक्य. चूक काढायला जागा नाही.

नवा अर्ज करता येईल. सहा-सात आठवडे लागतील. बहिणीला विचारलं, आहेत का तेवढे? तिनं उत्तर लिहायला घेतल्याचं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. शेवटी एकच शब्द आला — नाहीत.

सांगितलं असतं तर. २९ जुलैला, एका वाक्यात, सांगितलं असतं तर.

वहिनी येऊन बसल्यात. भरलेली बॅग त्यांनीच कॉटखाली सरकवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर

विल्मा फोनवर आली. आवाज अगदी खाली गेलाय. तिला वाटलं होतं, श्रीमंतचा कागद मी घेतलाच असणार. “तुजं खोटं पडू नये म्हनून ठासून सांगितलं. नवरा हाय म्हनलं. लगीन कुटं झालं इचारलं, लोहाऱ्यात म्हनलं. मानसं किती हुती — समदं गाव म्हनलं.”

कागद घेतलाच नव्हता, अर्जात अविवाहित लिहिलं होतं, ते तिला सांगितलं.

“म्हंजी लगीन म्या एकटीनंच केलं व्हय?”

नाही, म्हटलं. मी होतो तिथं.