रात्रीची गोळी

३ जून
सॉल्टपाँडच्या शाळेत आज मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. घर समुद्राभिमुख, प्रशस्त आहे. शेजारीण एफुवा हिने केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, व तळलेले मासे आणून दिले आणि एकटा माणूस नुसत्या चहावर वाळून जाईल हो मास्तर, असे हसत बजावले. माझी पत्नी अराबा वारली त्याला पाच महिने झाले. रक्तदाबाची गोळी ती रोज प्रार्थनेनंतर माझ्या तळहातावर ठेवीत असे. तो रात्रीचा नेम मी मोडलेला नाही.

९ जून
जाग आली तेव्हा उजव्या डोळ्यापुढील खालचा अर्धा भाग करडा झाला होता.

११ जून
केप कोस्टच्या डॉक्टरांनी सांगितले की, बहुधा रात्रीच्या गोळीने रक्तदाब फार उतरून डोळ्यामागील नसेचा रक्तपुरवठा झोपेत मंदावला. कानशिलाच्या रोहिणीला सूज असती तर स्टेरॉइड तातडीने दिले असते. तपासणीत ती आढळली नाही. गेलेली दृष्टी परत आणणारे खात्रीचे औषध नाही. दुसरा डोळा राखायचा तर गोळी रात्री नव्हे, सकाळी घ्यावी; घोरण्याचीही तपासणी करावी. मी संतापून विचारले, मग आपण शिकलात तरी काय? ते म्हणाले, छडी उगारून नस जिवंत होत नाही, मास्तर.

१४ जून
वडीलधाऱ्यांच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे उजवीकडून अभिवादन सुरू केले. अगदी उजव्या कडेला बसलेले नाना क्वांसा दिसलेच नाहीत. पुस्तके वाचून मास्तरांना म्हातारी माणसे दिसेनाशी झाली काय, असा टोमणा त्यांनी मारला. सारे हसले. कारण सांगण्यापेक्षा मी रिवाजाप्रमाणे दंड म्हणून मद्याची बाटली देणे पत्करले.

१७ जून
गोळी सकाळी घेतली. करड्या भागात एक हात दिसला. मनगटावर तेलाच्या भाजल्याचा डाग. अराबाचा. मन चित्रे रंगविते, असे डॉक्टर म्हणतात. त्यांची पत्नी जिवंत आहे.

१९ जून
उठलो तो जीभ कडू. गोळ्यांच्या बाटलीत एक गोळी कमी. बाटली एफुवाच्या कपाटात ठेवली.

२१ जून
पुन्हा कडू. एफुवाला जाब विचारला. ती म्हणाली, अहो, संध्याकाळी तुमची बहीणच येऊन एक गोळी घेऊन गेली की! बाई गोड, पण मनगट भाजलेले.
मला बहीण नाही.

२२ जून
उरलेल्या गोळ्या समुद्रात फेकल्या. दाराला आतून कडी घातली. हयातीत तुझ्यावर आवाज चढविला नाही, अराबा. आज ओरडलो—

२३ जून
डावाही. सकाळपासून. एफुवा दाराबाहेरूनच ऐकून डॉक्टरांना आणावयास गेली आहे. पान अर्धेच दिसते— मला न्यावयाचे होते तर सरळ सांगावयाचे होतेस. आंधळा करून कशाला— कडी लावलेलीच आहे. हात पुढे आला आहे, तळहातावर गोळी. मी दात घट्ट— तिची बोटे ओठां—