एकट्या जीवाले कूलर कशाले

आई, मी आता लोकांना वीज वाचवायला शिकवते. म्हणजे शिकवत नाही. आमच्या संस्थेत तो शब्द चालत नाही. वस्तीत जाऊन बायांसोबत सतरंजीवर बसायचं, घरातली वीज कुठे जाते ते त्यांनाच विचारायचं आणि उपायही त्यांनीच काढायचे, असं आमचं काम आहे. तुला हसू आलं असतं. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तू घर डोक्यावर घ्यायचीस, आणि तुझ्या पोरीला त्याचाच पगार मिळतो. पण काम खरंच चांगलं आहे. मागे एकीनं टिनाच्या छपरावर चुना मारायचं काढलं, तर दुसरीनं वर वेल चढवून दाखवला. मी फक्त लिहून घेते आणि पुढच्या गल्लीत सांगते.

यंदा मे महिन्यात जरीपटक्याच्या मागच्या एका वस्तीत अशीच बैठक भरली होती. तिथे एक म्हातारी काकू येतात. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही कळमेश्वरला कंपनीत जातात, त्यामुळे दिवसभर घरी त्या एकट्याच. बाकीच्या बोलून थकल्यावर त्या म्हणाल्या, "घरात एकटं माणूस असलं का कूलर बंद. एकट्या जीवाले कूलर कशाले?" सगळ्या बायांनी माना डोलावल्या. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आधी काहून सुचली नाही म्हणून एकमेकींना चिडवायला लागल्या. माझा पेन तिथेच थांबला. तुझंच वाक्य होतं ते, शब्दही तेच.

आपल्या खिडकीतला तो लोखंडी कूलर आठवतो मला. सकाळी बादल्या ओतून तू त्याची टाकी भरतेस, गवताच्या ताट्या भिजवतेस, बाबांचा डबा, माझा डबा करतेस, आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो की बटण बंद करतेस. संध्याकाळी बाबांच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की परत सुरू. आम्ही आत यायचो तर घर गार, वाळ्याचा वास. आम्हाला वाटायचं, दिवसभर असंच असतं. एकदा कॉलेजातून लवकर आले तेव्हा कळलं. तू पदर ओला करून डोक्यावर घेतला होतास आणि घामानं निथळत कुरडया वाळवायच्या तयारीत होतीस. मी कूलर लावला तर म्हणालीस, हो, आता लाव, आता दोघी आहोत. मी भांडले तुझ्याशी. तू हसून म्हणालीस, बाईच्या जातीला सवय असते. कसली सवय गं? ऊन काय बाई-माणूस पाहून लागतं?

नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत, तू गेलीस. स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली होतीस, दाराकडे तोंड करून. बाबा आत आले आणि त्यांनी आधी कूलर लावला, रोज तू लावून ठेवायचीस तो आज बंद कसा राहिला असं पुटपुटत. मग ते तुला शोधत आत गेले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं की तू गच्चीवर कुरडया घालायला गेली असशील, आणि तेराव्यापर्यंत जो तो तेच बोलत राहिला. तू गच्चीवर गेलीच नव्हतीस. पीठ पातेल्यात तसंच होतं, आणि कूलरची टाकी काठोकाठ भरलेली.

तर मी त्या बायांना म्हटलं, हा उपाय नको. एकीनं विचारलं, "नियम आमचे राहतीन म्हणे ना तुमी?" दुपारी एकट्या राहणाऱ्या सगळ्या एका घरात, एका कूलरपुढे बसल्या तर, असं मी सुचवलं. माझं मन राखायला त्या हो म्हणाल्या आणि काकूंचा नियम मी लिहिला नाही.

चार दिवसांनी भर दुपारी मी काकूंकडे गेले. दार उघडं, कूलर बंद, काकू उंबऱ्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेल्या. तोंड लालबुंद. मी विचारलं, ठरल्याप्रमाणे शेजारणीकडे का नाही गेल्या? तर म्हणाल्या, तिचा जावई आला आहे, जावई घरात असताना पाय पसरून कसं बसायचं. मला इतका राग आला आई, की आत जाऊन मीच बटण दाबलं, आणि जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. माझी आई गच्चीवर नव्हती, घरात होती. कूलर चालू होता, म्हणजे चांगला होता, पाण्यानं भरलेला होता आणि तिनं तो स्वतःच्या हातानं बंद ठेवला होता. एकट्या जीवाले कशाले म्हणून मेली ती, काकू.

मला वाटलं, आता घाबरतील. त्यांनी टॉवेल काढला, हात जोडले आणि म्हणाल्या, "संसारी बाई होती वं तुही आई. अशा बाया आता राहिल्या नाहीत."

मी पाणी प्यायले आणि निघाले. फाटकाची कडी लावत होते तेवढ्यात आतला कूलरचा आवाज बंद पडला. परत जाऊन लावावा की नको या विचारात मी उन्हात किती वेळ उभी राहिले, कोण जाणे. पुढच्या बैठकीत काकूंना पुन्हा सांगणार आहे, त्यांच्या सुनेलाही सांगणार आहे, तोंडाला फेस येईस्तोवर सांगणार आहे. त्या ऐकतील असं वाटत नाही.

हे लिहिलेलं बाबांना दाखवायचं नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. काकू तुला संसारी म्हणाल्या ना, तेव्हा मले बरं वाटलं, आई.